तीन काड्या आणि एक लायटर

मी स्वतः आयुष्यात विडी, सिगारेट, चिलीम काहीही ओढलेलं नाही. एकदा सोळाव्या वर्षी एक झुरका घेतला होता आणि त्यानंतर आईच्या हातची जी चव घेतली, ती अजून जिभेवर आहे. तरीही भिवंडीत धामणकर नाक्यावर पस्तीस वर्षं मी लोकांचे लायटर विकले, भरले आणि दुरुस्त केले. मिठाईवाल्याला मधुमेह असावा, तसा हा प्रकार.

टपरी चार फुटांची. एका बाजूला शेअर रिक्षांचा थांबा, मागे मुनव्वरचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. त्या खडखडाटात गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकू येत नसे, ओठांवरून ओळखावं लागे. लायटर, बॅटरी, स्टोव्ह, छत्री असं सगळंच मी करायचो, पण फळीवर नाव फक्त लायटरचं होतं. छत्री कोणीही दुरुस्त करतो. लायटर उघडून परत बंद करणारे नाक्यावर दोघेच होते आणि त्यातला दुसरा परत बंद केल्यावर एक स्प्रिंग हातात उरवायचा.

माणसं नाना तऱ्हेची यायची. आखातातून आलेला एक जण गाणं म्हणणारा लायटर घेऊन आला होता. गाणं बंद करून द्या म्हणाला, कारण कोणाच्या तरी मयतीत विडी पेटवताना ते वाजलं होतं. गणेशपुरीकडचा एक भातशेतकरी दर उन्हाळ्यात यायचा. पेरणीआधी शेतात पालापाचोळा रचून राब भाजतात, त्यासाठी त्याला वाऱ्यात न विझणारा लायटर लागे. त्याला मी बिनदिक्कत जेटचा लायटर द्यायचो, ज्यातून निळी ज्योत फुसकन सरळ सुटते. वारा असो, वावटळ असो, ती हटत नाही. राबाला ती उत्तम. पण पाइप ओढणाऱ्याला तो लायटर देणं म्हणजे भाकरी भाजायला वेल्डिंगची मशीन देणं. हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांची ही गोष्ट.

अण्णा खाडीकाठच्या गावातले. सगळी उमर बोटीवर इंजिनात तेल घालण्यात गेली. तिथल्या एका चीफ इंजिनिअरने जाताना त्यांना आपला पाइप दिला आणि तेव्हापासून तो अण्णांच्या तोंडात. गावातली पोरं त्याला साहेबी चिलीम म्हणत. बोटीवरून कायमचे घरी आल्यावर अण्णांनी पाइपही कायमचा सुरू केला, सकाळी, दुपारी, जेवणाआधी, जेवणानंतर. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, महिनाभर सहन केलं आणि मग कायदा केला. घरात ओढायची नाही. दिवसाला एकच पाइप, तोही संध्याकाळी खाडीच्या बांधावर जाऊन. आणि काडेपेटीत मोजून तीन काड्या.

"तीन काड्यांत पेटली तं तुझी, न्हायतर देवाची," असं काकी म्हणायच्या आणि पेटी त्यांच्या खिशात घालायच्या.

अण्णा सहा फुटी गडी, आवाज भोंग्यासारखा. पण त्यांनी हा कायदा कधी मोडला नाही. टपरीतून दोन काड्या मागून घेणं त्यांना सहज जमलं असतं. मी एकदा तसं सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काही बोललोच नाही असं समजून छत्रीची काडी सरळ करायला लागलो.

"बोटीवर चीफचा हुकूम, घरी हिचा," ते म्हणाले. "पन खाडीवरचा वारा कुणाचाच ऐकत न्हाय रं सदा. तीन काड्या फू फू फू जातात आनि मी भरलेला पाइप घेऊन घरी येतो. मना वाऱ्यात टिकंल असा लायटर दे. लायटर म्हंजे काय काडी न्हाय."

म्हणजे कायदा मोडायचा नव्हता, वळसा घालायचा होता.

मी लगेच माझा लाडका जेट काढला. टपरीत एक टेबलफॅन होता, त्याच्यापुढे मी लायटरची परीक्षा घ्यायचो आणि गिऱ्हाइकावर छाप पाडायचो. जेट विझला नाही. मी मिशीत हसलो. अण्णांनी खिशातून पाइप काढला, तंबाखू भरली, जेट धरला. क्षणात वरची तंबाखू कोळसा झाली आणि लाकडी वाटीची कड काळी पडली. अण्णांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता टपरी उचलून रस्त्यावर टाकतात.

मग त्यांनी शांतपणे मला पाइप शिकवला. सिगारेट समोरून पेटते, पाइप वरून. म्हणजे ज्योत खाली वाकली पाहिजे आणि ती वाकवायची ती ओढणाऱ्याने, श्वासाने, हळूहळू, वाटीभर गोल फिरवत. पहिल्यांदा पेटवलं की तंबाखू फुगून वर येते. ती खिळ्याच्या डोक्याने हलकीच दाबायची आणि दुसऱ्यांदा पेटवायची. दुसरं पेटवणं खरं. म्हणजे तीन काड्यांतल्या दोन तर अशाच लागणार. ज्योत हवी मऊ, पिवळी, देवघरातल्या निरांजनासारखी, आणि तरी वाऱ्यात टिकणारी. या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत म्हणून तर माणूस माझ्यासारख्याकडे येतो.

उपाय होता पेट्रोलचा लायटर. पितळी डबी, आत कापूस, कापसात मुरलेलं पेट्रोल, त्यातून वर आलेली वात आणि वातीभोवती भोकाभोकांची पत्र्याची चिमणी. चिमणी वारा गाळून आत घेते, त्यामुळे ज्योत फडफडते पण मरत नाही. अडचण एवढीच, की हा लायटर पाइपच्या तोंडावर आडवा धरला तर ज्योत चिमणीच्या बाहेर यायला मागत नाही. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि चिमणीच्या एका अंगाला बोट जाईल एवढं भोक पाडलं. ते भोक वाटीवर टेकवायचं आणि श्वास ओढायचा, की ज्योत गोगलगायीसारखी हळूच बाहेर डोकावून खाली वाकते. परदेशात असे लायटर तयार मिळतात हे मला फार नंतर कळलं. तोवर हा शोध माझाच आहे या आनंदात माझी बरीच वर्षं मजेत गेली.

बाकी मी गिऱ्हाइकाला पढवायचो ते अण्णांनाही पढवलं. पेटवल्यावर दोन-तीन श्वास थांबायचं, पेट्रोलचा पहिला वास उडून जाऊ द्यायचा, नाहीतर तंबाखूला रॉकेलच्या स्टोव्हची चव येते. गळेपर्यंत भरायचा नाही. भरल्यावर पुसायचा, हात पुसायचे, मगच पेटवायचा. आणि पंख्यापुढे पास झालेला लायटर खाडीवर नापास होऊ शकतो, कारण पंख्याचा वारा एका बाजूने येतो आणि खाडीचा कुठूनही. म्हणून पाठ वाऱ्याकडे करायची. "आनि पाठीमागून वळला तर?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, मग वाऱ्याच्या बाजूला दुसरा माणूस बसवायचा. त्याहून चांगली युक्ती दुकानात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकी हजर. बुटक्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. लायटर माझ्यापुढे आपटला.

"काडी म्हंजे काडी. यो काय हाय?"

"काकी, हा लायटर आहे."

"दिसतंय मना. पेट्रोल खिशात घालून फिरायचं? उद्या धोतर पेटलं तं तू इझवायला येनार का?"

मी त्यांच्यासमोर लायटर उघडला, उलटा करून झटकला. एक थेंब पडला नाही. "हे बघा, कापूस पेट्रोल धरून ठेवतो. सांडत नाही. माझी जबाबदारी."

काकींनी बराच वेळ त्या कापसाकडे पाहिलं. "तू बोललास म्हणून," त्या म्हणाल्या. "जबाबदारी तू घेतलीस हां. मी इसरनार न्हाय." आणि जाता जाता पोटकलम जोडलं, की लायटर चालला नाही तर तीन काड्या आहेतच, चौथी मिळणार नाही.

काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. महिन्यातून एकदा अण्णा यायचे, मी ठिणगी पाडणाऱ्या चाकाखालचा दगड बदलायचो, वात वर ओढून टोक कापायचो, पेट्रोल भरायचो. मध्ये एकदा माझ्याकडचं लायटरचं पेट्रोल संपलं होतं. अण्णांनी परस्पर एका रिक्षातलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल काढून भरलं आणि आतला कापूस गुळासारखा चिकट करून आणला. नवा कापूस भरायला हवा होता. मी नेहमीप्रमाणे मागच्या कारखान्यात गेलो, कोपऱ्यात पडलेलं वाया गेलेलं सूत मूठभर उचललं, पिंजलं आणि ठासून भरलं. वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो. भिवंडीत सुताला काय तोटा?

त्या संध्याकाळी बांधावर अण्णांनी लायटर पाइपवर आडवा केला. पेट्रोल गळून बोटांवर आलं आणि हात भडकला. त्यांनी लायटर फेकला, हात चिखलात खुपसला म्हणून निभावलं. तरी उजवा तळवा सोलला, अर्धी मिशी गेली.

मला सकाळी कळलं. फेकलेला लायटर गावातल्या एका रिक्षावाल्याने माझ्याकडे आणून दिला. मी तो उघडला. आतलं सूत पाण्यात पडलेल्या केसांसारखं ओलं, गुळगुळीत, आणि पेट्रोल तळाशी मोकळं साचलेलं. मी त्यातला कोरडा धागा काढून पेटवला. सुती धाग्याची राख होते. याचा काळा, कडक मणी झाला.

मी तो मणी घेऊन मुनव्वरचाचांकडे गेलो.

"अरे सदाभाई, सूत तो हमने कब का छोड़ दिया," चाचा म्हणाले. "दो महीने से पॉलिस्टर चल रहा है. तुझे मालूम नहीं? दीवार के पीछे तो बैठता है!"

धागा पेटवून ओळखणं भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही येतं. ज्याच्या हातात दिवसभर आग असायची, त्याने फक्त तेवढंच केलं नाही. पाठीमागे मागावरचा ताण्याचा बीम बदलला, माल बदलला, लूमचा आवाजही थोडा बदलला असणार, आणि मी ओठ वाचण्यात तरबेज झालेला माणूस ऐकायचंच विसरून गेलो होतो. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते.

दुपारी काकी आल्या. मी उभा राहिलो. शिव्यांची तयारी करून बसलो होतो, त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण काकी नुसत्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"काकी, चूक माझी. सूत बघून घेतलं नाही. पॉलिस्टर निघालं. डॉक्टरकडे मी..."

"डाक्टर झाला. हात बरा होईल," त्या म्हणाल्या. "मिशी बी येईल. तो आता बोलतो, लायटर नको, पाइप नको, काय नको. सकाळपासून भिताडाकडं तोंड करून बसलाय. बोटीवरून आला तवा असाच बसायचा. कुणाशी बोलनं न्हाय, चालनं न्हाय. बांधावर जायाला लागला तवा मानसात आला." त्या थांबल्या. "मी तीन काड्या कशाला देते? पेटत न्हाय म्हणून तास-दोन तास बसंल, चार मानसं भेटतील, बोलंल, म्हणून देते. ओढू नये असं असतं तं पाइप चुलीत न्हाय घातला असता?"

आम्ही सगळे त्या कायद्याला हसत होतो.

काकींनी पिशवीतून कापसाचा गुंडा काढला. पांढरा, सरकी काढलेला, बोटाने पिंजलेला. "ह्यो घाल. माझ्या देवाच्या वातींचा हाय. ह्यो फसवनार न्हाय."

"काकी, देवाचा कापूस पेट्रोलमध्ये?"

"देवाला ज्योत लागते, यालाबी ज्योत लागते. घाल गुमान. आनि माझ्यासमोर घाल."

मी त्यांच्यासमोर घातला. त्याआधी त्यातला एक धागा पेटवून पाहिला. काकी प्रथमच हसल्या. "आता शिकलास," म्हणाल्या.

लायटर अण्णांनी घेतला. पुढचे काही दिवस काकी लायटरवर नजर ठेवायला म्हणून त्यांच्याबरोबर बांधावर जाऊ लागल्या आणि मग जातच राहिल्या. मी एका रविवारी मुद्दाम पाहायला गेलो होतो. अण्णा बांधावर, आणि पश्चिमेच्या अंगाला, वारा येतो तिकडे, काकी सूप घेऊन जवळ्याची सुकट निवडत बसलेल्या. तोंड दुसरीकडे. धुराचा त्रास होतो म्हणून तोंड फिरवलंय असं त्यांनी मला सांगितलं. "पेट्रोलचा वास येतो मेला," एवढं तेवढ्यात अण्णांना ऐकवूनही घेतलं. माझा लायटर पहिल्या फटक्यात पेटला. मी ते श्रेय बिनबोभाट घेतलं.

पुढे नाक्यावर दहा-वीस रुपयांचे प्लॅस्टिकचे लायटर आले. संपला की फेकला. दुरुस्तीला कोण येणार? मुनव्वरचाचांनी लूम विकून गाळा गोदामवाल्याला दिला. रस्ता रुंद झाला, टपरी गेली. मी टेमघरला घरीच एक पेटी घेऊन बसलो. नाक्यावरून जातो तेव्हा आताशा सगळं स्पष्ट ऐकू येतं. ते मला अजून सवयीचं झालेलं नाही. येणाऱ्यांत शेवटपर्यंत टिकले ते अण्णा. त्यांच्या लायटरचे दगड बदलले, वाती बदलल्या, चाकही एकदा बदललं. आतला कापूस मात्र मी कधीच बदलला नाही. गरज पडली नाही.

या वर्षी पाऊस सरता सरता काकी गेल्या. तेराव्याला मी गेलो होतो. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला काकींचे शब्द आठवले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ते काठी टेकत माझ्या दारात आले. लायटर टेबलावर ठेवला.

"दगड गेला का?" मी विचारलं.

"काय बिघडला न्हाय. उघडून दे. आतला कापूस पायजे मना."

अण्णा खुर्चीत बसले. "सून दुकानातून तयार वाती आनते. हिच्या फोटोपुढं त्याच लावते. मी म्हटलं, हिचा कापूस कुठं असंल तं बघ. सगळं घर धुंडाळलं रं. गुंडा संपलेला. तिच्या हातानं पिंजलेला कापूस आता येवढ्याच एका जागी हाय."

मी लायटर उघडला. खालची गादी उचलली आणि चिमट्याने कापूस बाहेर काढला. वातीजवळ काळा पडला होता, तळाशी पिवळसर, पण मधला भाग अजून पांढरा.

पेट्रोलचा कापूस देवापुढे लावायचा नाही, भडका उडेल, एवढं मला एव्हाना कळत होतं. मी तो पसरून आठ दिवस खिडकीत सावलीला ठेवला. माझी बायको सुमन रोज हुंगून पाहायची आणि मान हलवायची. नवव्या दिवशी तिने होकार दिला. मी त्यातला एक धागा पेटवला, साधी राख झाली. सुमनने वाती वळल्या. दोन झाल्या, तिसरीला कापूस पुरला नाही.

वाती घेऊन मी संध्याकाळी अण्णांकडे गेलो. त्यांनी समईत तेल घातलं, वात ठेवली, आणि सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली. आत तीन काड्या.

"अजून तीनच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता मीच मोजून घेतो."

एक काडी ओढून त्यांनी वात लावली. ज्योत मऊ, पिवळी, न फडफडता वर आली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. मग अण्णांनी नाक वर करून हुंगलं.

"सदा, पेट्रोलचा वास येतो रं थोडा."

मी शरमलो. आणखी दोन दिवस ठेवायला हवा होता, असं काहीतरी पुटपुटलो.

"येऊ दे," अण्णा म्हणाले. "तिला सवय हाय." आणि ते रडले. भोंग्यासारखा आवाज असलेला माणूस अगदी आवाज न करता रडला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, फळीवरचा पाइप उचलला आणि म्हणाले, "चल." तो पाइप त्यांनी काकी गेल्यापासून हातात घेतला नव्हता, हे सुनेच्या चेहऱ्यावरून मला समजलं.

बांधावर वारा चांगलाच होता. भरतीचं पाणी चढत होतं. मी खिशातला त्यांचा लायटर काढून पुढे केला, औषधाच्या दुकानातला कापूस भरून, पेट्रोल घालून तयार ठेवला होता. अण्णांनी तो हाताने बाजूला सारला.

"एक काडी घरात गेली," ते म्हणाले. "दोन हायेत."

त्यांनी पाइप भरला, पाठ वाऱ्याकडे केली, तळहाताची ओंजळ केली, काडी ओढली. ती पाइपपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी सवयीने पश्चिमेला पाहिलं. तिथे बांधावर रिकामी जागा होती.

पस्तीस वर्षं मी वाऱ्यात टिकणारे लायटर विकले. मी त्यांच्या पश्चिमेला जाऊन बसलो आणि काकी बसायच्या तसं तोंड दुसरीकडे केलं. वारा थेट माझ्या छातीवर येऊ लागला. मागे काडी ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी वळून पाहिलं नाही. मग तंबाखूचा वास आला.

"पेटली," अण्णा म्हणाले. "म्हंजे माझी."